खान्देशच्या उन्हातली जीवघेणी नायिका: फँटसी कादंबरी पहिल्या कल्पनेपासून पुस्तकापर्यंत कशी लिहायची

कॉलेजातली पोरंपोरी हल्ली ज्या फँटसी कादंबऱ्या वाचतात त्यांचा साचा आता बऱ्याच जणांना पाठ झालाय. अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी, मारण्यात तरबेज, कुठल्यातरी सत्तेच्या तावडीत सापडलेली, आणि ज्याच्यापासून लांब राहायचं नेमकं त्याच्यावरच तिचा जीव जडतो. साचा चांगलाय, त्याच्या जोरावर तीन-चारशे पानं वाचक जागचा हलत नाही. अडचण येते ती आपल्याकडचं कुणी मराठीत लिहायला बसलं की, कारण मग बर्फाचे डोंगर येतात, काळे झगे येतात, नावं सुद्धा धड कुठलीच नसतात, आणि धुळे-जळगावच्या वाचकाला त्यात स्वतःचं काहीच सापडत नाही.

मी हे कसं करायचं ते एकाच उदाहरणावर सांगतो, म्हणजे प्रत्येक टप्प्यावर काय ठरवायचं ते दिसेल. उदाहरण आवडलं तर खुशाल वापरा. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: नायिकेचं मारणं, तिची जादू आणि तिचं प्रेम ही तिन्ही एकाच मुळातून निघाली पाहिजेत. तलवार एकीकडे, मंत्र दुसरीकडे आणि हिरो तिसरीकडे असं असलं की कादंबरी मधेच सुटते, कितीही चांगली वाक्यं लिहा.

पायरी १: ते मूळ शोधा

वही घ्या आणि आपल्या भागात माणसाला खरोखर कशाची धास्ती वाटते ते लिहा. खान्देशात पहिलं उत्तर ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, दुपारी रस्ते ओस पडतात, आणि हेच जळगाव डिसेंबर-जानेवारीत पहाटे असं गारठतं की शेकोटीजवळून उठवत नाही. आता याला आपली नदी जोडा. पुराणात तापी ही सूर्याची मुलगी आहे, शनीची बहीण. म्हणजे सूर्याची लेक आपल्या दारातूनच वाहतेय आणि आपण जादूसाठी परक्या मुलखात कशाला जायचं?

तर आपली नायिका: कौतिक, वय अठरा पूर्ण, तापीकाठच्या गावातली. बाहेर जेवढं ऊन तेवढी धग तिच्या अंगात साठते. थंडीत ती इतर पोरींसारखीच असते, पण ऊन चढत जाईल तसा तिचा स्पर्श चटका देतो, आणि वैशाखात तिने नुसता हात धरला तरी माणूस जातो. जुन्या संस्कृत नाटकात विषकन्या आहेच, ही त्याच घराण्यातली समजा, फक्त हिच्यात विष नाही, उन्हाळा आहे. याचा आणखी एक फायदा म्हणजे खऱ्या विषारी झाडांच्या मात्रा-बित्रा लिहायची गरज पडत नाही. तरुण पोरांसाठी लिहिताना धोत्रा-कण्हेर कसं वापरायचं याची माहिती पुस्तकात जाऊच नये असं माझं ठाम मत आहे.

पायरी २: जादूचे नियम आणि त्याची किंमत

नियम कादंबरी लिहायच्या आधी एका पानावर लिहून भिंतीला चिकटवा. आपल्या उदाहरणात चार नियम पुरतात.

धग सूर्याबरोबर चढते, रात्री थोडी उतरते. तापीच्या डोहात उभं राहिलं तर काही वेळ ती निवते, पण उन्हाळ्यात नदीच आटत जाते म्हणजे निवण्याची जागाही कमी होते. धग कपड्यातून जात नाही, पण ओल्या कपड्यातून जाते. आणि चौथा नियम सगळ्यात महत्त्वाचा: तिने एक जीव घेतला की तिचा हिवाळा तेवढा आखूड होतो. पुढच्या वर्षी थंडी सगळ्यांना पडेल, तिला उशिरा पडेल आणि लवकर सरेल. असे खून होत गेले तर एक वर्ष असं येईल की तिला हिवाळाच उरणार नाही.

बघा आता, किंमत आपोआप प्रेमाला जाऊन भिडली. ज्या महिन्यांत ती कुणाचा हात धरू शकते तेच महिने प्रत्येक खुनामागे कमी होताहेत. हा धागा हातात आला की निम्मी कादंबरी स्वतःच पुढे सरकते. तुमच्या कल्पनेतही असंच तपासा: ताकद वापरल्यावर नायिकेचं जे जातं ते तिला सगळ्यात जास्त हवं असलेलंच आहे का? नसेल तर नियम बदला, लिहायला बसू नका. नुसता थकवा येणं किंवा नाकातून रक्त येणं ही किंमत होत नाही, दुसऱ्या दिवशी ती बरी होते आणि वाचक विसरून जातो.

पायरी ३: मुलूख आणि काळ

खान्देशावर फारुकी घराण्याचं राज्य १३८२ ते १६०१ होतं. सुरुवातीला गादी थाळनेरला, पुढे बुऱ्हाणपूर, आणि आसरा म्हणून असीरगड, जो १६०१ मध्ये अकबराकडे गेला. थाळनेरला तापीच्या काठावर किल्ल्याचे अवशेष आणि फारुकी राजांच्या कबरी आजही आहेत, शिरपूरहून जाऊन या, एका दुपारचं काम आहे. माझा सल्ला असा की हा काळ डोळ्यासमोर ठेवा पण राज्याला आणि राजाला नाव स्वतःचं द्या. खरं नाव घेतलं की इतिहासाला जबाबदार राहावं लागतं आणि एका काल्पनिक खुनासाठी खऱ्या सुलतानाला खलनायक करणं बरोबर नाही.

भूगोल मात्र खराच ठेवा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठा-सातमाळ्याच्या रांगा, मधून पश्चिमेकडे जाणारी तापी, तिला येऊन मिळणाऱ्या पूर्णा, वाघूर, गिरणा, अनेर, पांझरा, गोमाई. पात्रं पळून जातात तेव्हा कुठे पळतात हे नकाशावर बोट ठेवून ठरवा. उन्हाळ्यात थाळनेरकडून सातपुड्यात तोरणमाळला जायचं तर वाटेत पाणी कुठे मिळेल हा प्रश्न आपल्या नायिकेसाठी जीवनमरणाचा आहे, कारण पाणी म्हणजे तिची निवण्याची जागा.

खाण्यापिण्यात एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांमुळे आली, सोळाव्या शतकात, आणि शेंगदाणाही अमेरिका खंडातलाच. म्हणजे पंधराव्या शतकासारखा काळ धरला तर हिरव्या मिरचीचा ठेचा, शेंगदाणे घातलेलं भरीत, झणझणीत शेवभाजी यातलं काहीच नाही. वांगं आपलंच, ते भाजून त्यात मिरी आणि लसूण घाला. कळण्याची भाकरी चालते, ज्वारी आणि उडीद दोन्ही जुने आहेत. अशी एखादी बारीक गोष्ट बरोबर आली की जाणकार वाचक पुढच्या अशक्य गोष्टीवरही विश्वास ठेवतो.

पायरी ४: हत्यार

इथे मी थोडा जास्त थांबतो, कारण मराठी फँटसीत सगळ्यात जास्त उधारी इथेच दिसते. दोन्ही हातात सुरे घेऊन गच्चीवरून उडी मारणारी पोरगी आपण पुष्कळ वाचली. कौतिकला मारायला स्पर्श पुरतो, म्हणून ती लहानपणापासून माणसांपासून लांब ठेवलेली पोरगी असणार. लांब म्हणजे कुठे? शेतात, माळ्यावर. दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, हुरड्यात आली की पाखरं हाकायला कुणीतरी लागतंच, आणि जिच्याजवळ कुणी जायचं नाही अशा पोरीला घरचे हेच काम देणार. म्हणून तिचं दुसरं हत्यार गोफण.

गोफण नीट बघितली नसेल तर कुणा म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून बघून घ्या. अंबाडीच्या वाखाची नाहीतर सुताची वळलेली दोरी, मधे विणलेली रुंद पट्टी, तिच्यात गोटा बसतो. दोरीच्या एका टोकाला फास असतो तो बोटात अडकवतात, दुसरं टोक अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरतात, डोक्यावर गरागरा फिरवून नेमक्या क्षणी चिमट सोडायची. सोडलेलं टोक हवेत फट्ट वाजतं आणि पाखरं आधी त्या आवाजानेच उठतात. नेम डोळ्यात नसतो, चिमट कधी सोडायची त्यात असतो. या एका वाक्यात तिचा अख्खा स्वभाव बसवता येतो: कधी सोडायचं हे जिला कळतं अशी पोरगी.

आता जादू इथे जोडा. उन्हाळ्यात तिच्या मुठीत धरलेला गोटा तापतो. चैत्रात त्या गोट्याने गवताची गंजी पेटते. वैशाखात दोरीच जळून तुटते, म्हणजे ऐन ताकदीच्या दिवसात तिचं लांबचं हत्यार तिच्या हातून जातं आणि तिला जवळ जाऊनच मारावं लागतं. हत्याराला अशी एक अडचण असलीच पाहिजे, आणि ती शेवटच्या प्रसंगात आडवी आली पाहिजे.

पायरी ५: तिला कोण मारायला लावतं

फुकट कुणी खून करत नाही आणि नुसता सूड हे कारण फार वापरून झालंय. आपल्याकडे सालदारकी आहे ना, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतगडी ठेवणं, ती घ्या. सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि आखाजीलाच नवं सुरू होतं. कौतिकच्या बापाने किल्लेदाराकडून कर्ज काढलं, फेडता आलं नाही, तर किल्लेदाराने पोरीलाच सालाने ठेवली, फक्त नांगरट-कापणीसाठी नाही. आखाजीला साल संपेल, ती मोकळी. आणि ऐन आखाजी म्हणजे वैशाखातलं ऊन, तिची धग शिगेला. सुटकेचा दिवस आणि सगळ्यात धोक्याचा दिवस एकच.

त्या दिवशी सासरच्या लेकी माहेरी आलेल्या असतात, झाडांना झोके बांधलेले असतात, गौराईची गाणी चालू असतात, पितरांची घागर भरलेली असते. सगळं गाव एकमेकांच्या गळ्यात पडतंय आणि एकटी हिलाच कुणाच्या गळ्यात पडता येत नाही. शेवटचा मोठा प्रसंग इथेच घ्या, दुसरीकडे कुठे शोधू नका.

मागे यायचं तर सुरुवात दत्तजयंतीला, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात. मधला टप्पा फाल्गुनात सातपुड्यातली होळी, काठी गावची राजवाडी होळी जशी रात्रभर ढोल आणि नाच करून पहाटे पेटवतात तशी. म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमा ते वैशाख शुद्ध तृतीया, साधारण साडेचार महिने. भिंतीवर कॅलेंडर लावा आणि प्रत्येक प्रकरणावर तिथी टाका, ऊन किती आणि नदीला पाणी किती तेही लिहा. नाहीतर विसाव्या प्रकरणात ती चुकून कुणाचा तरी हात धरून बसते आणि वाचक तुम्हाला तिथेच सोडतो.

पायरी ६: खून लिहिणं

मेलेल्या प्रत्येक माणसाला नाव द्या, आणि मरायच्या आधी त्याला एक तरी साधं काम करताना दाखवा, चप्पल शिवताना, बैलाला पाणी पाजताना, काहीही. पहिला खून पहिल्या दोन-तीन प्रकरणांत यावा आणि तो वाचकाला पटावा. दुसरा चुकीचा असावा, म्हणजे किल्लेदाराने सांगितलेलं खोटं होतं हे नंतर कळावं. तिसऱ्याला ती नकार देते आणि तिथून गोष्ट वळते. यापेक्षा जास्त मुडदे पाडलेत तर एकाचीही धार राहत नाही.

ती तरबेज आहे हे हाणामारीत दाखवण्यापेक्षा तयारीत दाखवा. ती आदल्या दिवशी वारा कुठून येतो ते बघते, कुत्र्यांना ओळख पाडते, उपाशी राहते. आणि नंतरचं टाळू नका: त्या रात्री ती डोहात मानेपर्यंत उभी आहे आणि पाणी तिच्याभोवती कोमट होतंय.

मारणाऱ्याचं पुढे काय होतं यासाठी आपल्याकडे अश्वत्थामा आहे. नंदुरबार जिल्ह्यात अस्तंब्याचा डोंगर आहे, दिवाळीत लोक पायी यात्रेला जातात, आणि कपाळावरच्या न भरणाऱ्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा तिथे भेटतो अशी श्रद्धा आहे. झोपलेल्यांना मारणारा आणि मरण न येणारा माणूस. प्रस्तावनेचं प्रकरण या यात्रेवर घ्या: कौतिक चढतेय, कुणी म्हातारा तेल मागतो, ती देते आणि तो तिच्या हाताकडे बघून दचकतो. नाव सांगू नका त्याचं, आपल्या वाचकाला बरोबर कळतं.

पायरी ७: प्रेम

दोघंही अठराच्या पुढचे असू द्या. वाचक शाळेतलेही असणार, त्यामुळे शारीरिक वर्णनं बाहेरच ठेवा, आणि खरं सांगायचं तर या कथेत ती लागतही नाहीत कारण इथे नुसतं बोटाला बोट लागणं हेच सगळ्यात मोठं दृश्य आहे.

रतन घोड्यांच्या व्यापाऱ्याचा पोरगा. त्याला घोड्याच्या अंगावरचे भोवरे वाचता येतात, देवमन हा शुभ भोवरा कुठला, चारी पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी कुठला, रेवाल नावाची घोड्याची चाल कशी ओळखायची हे तो तिला बाजारात दाखवतो, आणि थंडीचे दिवस असल्याने घोडीच्या मानेवरून फिरता फिरता दोघांचे हात लागतात, काही होत नाही. तिच्या आयुष्यात असं पहिल्यांदा घडतंय. आणि तिसऱ्या खुनाला ती नकार देते त्या वेळी ज्याला मारायचंय तो माणूस रतन असावा, हे वेगळं सांगायला नको.

नंतर ऊन चढतं. आता दोघांना जवळ यायचे दुसरे मार्ग शोधावे लागतात, आणि लेखकाची खरी परीक्षा इथे आहे. असा एखादा प्रसंग लिहून बघा:

रतनने भाकरी वडाच्या पानावर ठेवली, पान ओट्यावरून सरकवलं आणि हात मागे घेतला. कौतिकने पानाची कड धरली तशी ती तपकिरी झाली, मग काळी.

“मन्हा जोडे येऊ नको.”

“कसाले?”

“उनाया लागी गया.”

तो उठला. तिला वाटलं गेला. तो विहिरीवरून दुसरं पान भिजवून घेऊन आला आणि पहिल्या पानाखाली सरकवलं.

यात ‘प्रेम’ हा शब्द नाही, डोळ्यात डोळे नाहीत, तरी पोरगा कसा आहे ते कळलं. प्रत्येक महिन्यासाठी असं एक दृश्य आधीच ठरवून ठेवा, अंतर वाढत जाणारं: हात, मग पान, मग खाटेची दोन टोकं, मग नदीचे दोन काठ. वाचकाला ते अंतर हातभर वाढलेलं सुद्धा जाणवतं. भांडणही होऊ द्या. रतनला ती नुसती बिचारी वाटली तर प्रेम संपलं, त्याला तिची भीती वाटली पाहिजे आणि तरी तो थांबला पाहिजे.

पायरी ८: गाव काय म्हणेल

हिला गाव डाकीण म्हणणार, आणि इथे जबाबदारीने लिहा. डाकीण ठरवून बायकांना मारहाण करणं, गावाबाहेर काढणं हे सातपुड्याच्या भागात खरंच घडलेलं आहे, महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदाही आहे. तुमच्या कथेत जादू खरी आहे, पण गावातली दुसरी एखादी बाई, जिच्यात काहीच नाही, तिलाही लोकांनी डाकीण ठरवलेलं दाखवा. मग वाचकाला फरक कळतो आणि कौतिकलाही कळतो की तिच्यामुळे कोण भरडलं जातंय.

तसंच सातपुड्यातली भिल्ल, पावरा ही आदिवासी माणसं आली तर त्यांना गूढ मंत्रवाले करून ठेवू नका. भिल्ल पुढारी खाजा नाईकांनी सेंधव्याच्या घाटात इंग्रजांना जेरीला आणलं, १८५८ मध्ये आंबापाणीची लढाई झाली, हा इतिहास ज्यांचा आहे त्यांना कथेत स्वतःचं राजकारण, स्वतःचे नेते, स्वतःचे मतभेद असणारच. धडगाव-अक्कलकुव्याकडचं कुणी ओळखीचं असेल तर प्रकरण वाचायला द्या आणि ते सांगतील ते बदला.

पायरी ९: भाषा

निवेदन साध्या बोली मराठीत, संवाद अहिराणीत, हे मला सगळ्यात जमणारं वाटतं. पण बोली भागाप्रमाणे बदलते. धुळे-अमळनेर पट्ट्यात अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली, शहाद्याकडे गुजर, डोंगरात भिली आणि पावरी. किल्लेदाराच्या दरबारात फारसी शब्द येतील. कोण कुणाशी कुठल्या बोलीत बोलतं हे ठरवलं की अर्धी पात्रं उभी राहतात. अर्थ कंसात देऊ नका, समोरच्याच्या उत्तरातून कळू द्या. नावंही इथलीच घ्या: उखा, सुपडू, झिप्रू, भिला, ठगूबाई. आणि अहिराणी येत नसेल तर येणाऱ्या माणसाला संवाद मोठ्याने वाचायला लावा, चुकलेलं वाक्य त्याच्या जिभेला लगेच अडतं.

पायरी १०: लिहिणं आणि बाहेर काढणं

साठ-सत्तर हजार शब्द धरा, दोन-दोन हजारांची तीस-पस्तीस प्रकरणं. पहिला खर्डा मागे न बघता पूर्ण करा. दुसऱ्या वाचनात फक्त ऊन, पाणी आणि तिथी तपासा, तिसऱ्यात फक्त संवाद. मग दोन-तीन वाचकांना द्या, त्यातला एक तरी विशीच्या आतला असावा, आणि त्याला ‘आवडली का’ असं न विचारता ‘कुठे मोबाईल हातात घेतलास’ असं विचारा. तो जिथलं नाव घेईल ते प्रकरण कापायचं.

टाइप सुरुवातीपासून युनिकोडमध्येच करा, जुन्या फाँटमधून नंतर बदलताना जोडाक्षरांची वाट लागते. प्रतिलिपीसारख्या ऑनलाइन ठिकाणी प्रकरणं क्रमशः टाकता येतात आणि वाचक कुठे गळतो ते तिथे लगेच दिसतं, पण छापील पुस्तक करायचा विचार असेल तर प्रकाशकाशी आधी बोला, काहींना आधी प्रसिद्ध झालेलं चालत नाही. स्वतः छापणार असाल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात सरकारी संस्थेकडून मोफत मिळतो, त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर ते त्याच्या दलालीचे. कॉपीराइट लिहिल्याक्षणी तुमचाच असतो, लेखकाच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षं, नोंदणी केली नाही तरी. करारावर सही करताना अनुवाद, ऑडिओ आणि वेब सिरीजचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या, एकाच ओळीत ‘सर्व हक्क’ असं असेल तर ती ओळ बदलून घेतल्याशिवाय सही करू नका.